कॉलेजात मोफत पॅड: आधी किल्लीचा प्रश्न सोडवा

८ मार्चला, महिला दिनी, फीत कापली जाते, पॅडच्या मशीनसमोर फोटो निघतो, पेढे वाटले जातात. जूनमध्ये कॉलेज उघडतं तेव्हा त्याच मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला असतो, आणि पाळी आलेली मुलगी बेंचखालून मैत्रिणीला खुणेनं विचारत असते, ‘आहे का गं एक?’

आमच्याकडे पहिल्या वर्षी अगदी हेच झालं. महिला विकास कक्षाचं काम माझ्याकडे होतं. पॅड आले, कपाट आलं, कपाटाला कुलूप आलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. मी रजेवर असले की योजनाही रजेवर. वर्षअखेरीला कपाट उघडलं तर आणलेल्या पाकिटांपैकी निम्म्याहून अधिक जशीच्या तशी होती. प्राचार्यांनी शेरा मारला, ‘मागणी नाही.’ मागणी होती. मागायची सोय नव्हती, आणि मागावं लागत होतं हीच मुळात चूक होती.

त्यानंतर इतर कॉलेजांतल्या सहकाऱ्यांना मदत करताना दिसलं की सगळे त्याच चार-पाच ठिकाणी घसरतात, आणि बहुतेक वेळा कारण क्रम चुकल्याचं असतं. आधी पॅड येतात, मग डबा शोधतात, मग कचऱ्याचं काय करायचं ते आठवतं. खालचा क्रम उलटा वाटेल, पण तो तसाच पाळा. जूनमध्ये सुरू करायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत हात घाला, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हाच ठरत असतं.

टप्पा १: कागद घेऊन इमारतभर फिरा

खरेदीची टिपणी लिहायच्या आधी एक फेरी मारा. सोबत तिघी घ्या: पहिल्या वर्षाची एक मुलगी, एसटीनं ये-जा करणारी एक मुलगी आणि स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या मावशी. मावशींना घेतलं नाहीत तर फेरी फुकट. कुठली कडी लागत नाही, कुठल्या नळाला दुपारनंतर पाणी नसतं, कुठल्या कोपऱ्यात पॅड कोंबलेले सापडतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

प्रत्येक स्वच्छतागृहासाठी एवढं टिपा: आतून कडी लागते का, पाणी किती ते किती, दिवा आहे का, पिशवी अडकवायला खुंटी आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का, कुलूप कधी लागतं. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. मावशींचं काम चारला संपतं, त्या कुलूप लावून जातात, आणि विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं साडेपाचपर्यंत चालतात. अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी असली तर तिथल्या मुलींचं काय, तेही लिहा.

तिथेच दुरुस्तीची यादी करा: कड्या, खुंट्या, दिवे. हे सगळं मिळून काही हजारांचं काम असतं आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. कडी न लागणाऱ्या खोलीत मोफत पॅड ठेवून काहीही साधत नाही.

*तपासणी: सर्वांत लांबच्या वर्गातून निघालेली मुलगी कोणाशीही एक शब्द न बोलता पाच मिनिटांत पॅडपर्यंत पोचू शकेल का? जिथे उत्तर ‘नाही’ येतं तिथे पॅडचा एक डबा कमी आहे असं समजा.*

टप्पा २: किती लागतील ते मोजा, पण नावं विचारू नका

लॉगिन मागणारा गुगल फॉर्म पाठवू नका. ईमेल दिसतो म्हटल्यावर मुली खरं लिहीत नाहीत. साध्या चिठ्ठ्या छापा, नाव-वर्गाविना, आणि गर्ल्स कॉमन रूममध्ये खोका ठेवा. चार प्रश्न पुरतात. गेल्या तीन महिन्यांत कॉलेजात अचानक पाळी आली का, तेव्हा काय केलंत? पाळीमुळे किती तास बुडाले? कुठलं स्वच्छतागृह वापरता? तुम्ही पॅड वापरता, कापड, पाळीचा कप की आणखी काही?

मग ठरवा की तुम्ही नेमकं काय देणार आहात. इथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की हिशेब बिघडतो. ६०० मुलींचं कॉलेज धरून सांगते.

पहिली पायरी म्हणजे अडीअडचणीपुरतं. महिन्याला मुलीमागे सरासरी एक पॅड, म्हणजे ६००.

दुसरी, कॉलेजच्या वेळेपुरतं. पाळीचे चार-पाच दिवस, त्यातले सुट्ट्या वजा जाता तीन-चार दिवस कॉलेजचे, दिवसाला एक पॅड. साडेतीन धरा: महिन्याला २,१००.

तिसरी, संपूर्ण महिन्याची गरज. मुलीमागे १५ ते २० पॅड, म्हणजे महिन्याला ९,००० ते १२,०००. ही पायरी बहुतेक अनुदानित महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची आहे. वसतिगृहापुरती मात्र तिचा विचार करता येतो.

माझं मत विचाराल तर थेट दुसऱ्या पायरीनं सुरू करा. ‘फक्त अडचणीच्या वेळी’ असं लिहिलं की कोणीतरी अडचण तपासायला बसतं. ‘कालच तर घेतलास’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि बोलणारी व्यक्ती मनानं वाईट नव्हती. नियमानंच तिला पहारेकरी बनवलं होतं.

स्त्रिया कर्मचारी, कंत्राटी सफाई कामगार, परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मुली याही घेणार. त्यांच्यासाठी दहा टक्के वाढवून ठेवा आणि त्यावरून वाद घालू नका.

टप्पा ३: पैसे वर्षाचे बांधा

मशीन देणगीत मिळतं, पॅड मिळत नाहीत. या एका वाक्यात निम्म्या फसलेल्या योजना येतात. रोटरी, लायन्स, माजी विद्यार्थी संघ, जवळचा कारखाना, सगळ्यांना पाटी लावता येईल अशी वस्तू द्यायला आवडतं. त्यांना नम्रपणे सांगा की आम्हाला दहा महिन्यांचा साठा हवा आहे, आणि पाटी हवी असेल तर ती कपाटावर लावू.

दुसऱ्या पायरीचा हिशेब असा: २,१०० गुणिले १० महिने, म्हणजे २१,००० पॅड. नगाला ४ रुपये धरले तर ८४,००० रुपये, म्हणजे मुलीमागे वर्षाला १४० रुपये. टिपणीत हा १४० चा आकडा वर ठेवा. ८४ हजार वाचून भुवया उंचावतात, १४० वाचून सही होते.

जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचे पॅड २०१९ पासून नगाला १ रुपया दरानं मिळतात. तुमच्या गावातल्या केंद्राला दरमहा दोन हजार नग देता येतील का, ते आधी विचारून घ्या. महिनाभर पुरवठा थांबला तर पर्याय काय, हेही तेव्हाच ठरवा. एकट्या केंद्रावर सगळा भार टाकू नका.

पॅडच्या खर्चाखाली आणखी एक ओळ हवीच: डबे, झाकणाच्या कचरापेट्या, गुंडाळायचा कागद, हातमोजे, कचरा उचलण्याचा खर्च. ही ओळ राहिली तर ती पुढे मावशींच्या अंगावर पडते.

*सावधान: जुलै २०१८ पासून सॅनिटरी नॅपकिनवर जीएसटी नाही. त्याआधी १२ टक्के होता. कोटेशनमध्ये पॅडच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. मशीन आणि कचरापेट्या यांना ही सूट नाही, म्हणून दोन्हींची कोटेशनं वेगळी मागवा, नाहीतर लेखा विभागात बिल अडकतं.*

टप्पा ४: पॅड येण्याआधी कचऱ्याची सोय

क्रम सर्वांत जास्त इथे चुकतो. पॅड मोफत झाले की वापर वाढतो, वापर वाढला की टाकायची जागा लागते. ती नसली तर आठवड्याभरात कमोड तुंबतो, प्लंबर येतो, आणि प्लंबरच्या बिलासोबत योजना बंद करण्याचा प्रस्तावही येतो.

प्रत्येक शौचालयाच्या आत एक झाकणाची, शक्यतो पायानं उघडणारी कचरापेटी ठेवा. आत म्हणजे कडी लावल्यावर जिथे बसतो तिथे. बाहेर बेसिनजवळ एकच मोठी पेटी ठेवली की वापरलेला पॅड हातात घेऊन चारचौघींसमोरून जावं लागतं. कोणी जात नाही. खिडकीबाहेर, टाकीमागे, कमोडमध्ये, सगळीकडे पॅड सापडतात आणि मग मुलींना ‘शिस्त नाही’ असं म्हटलं जातं.

पेटीशेजारी खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी कागद अडकवा. पॅड गुंडाळी करून, कागदात बांधून टाकायचा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम चालवली: गुंडाळलेल्या पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा निवडणाऱ्या हाताला ती उघडायची गरज पडत नाही. आपण हीच युक्ती उचलायची. सगळ्या कागदांवर आधीच लाल स्केचपेननं ठिपके काढून ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलं-मुलींना बसवलं तर तासाभरात हजारभर कागद होतात. मुलांनाही बसवा, मुद्दाम.

पेट्या रोज रिकाम्या व्हायला हव्यात. शनिवारी दुपारी तर नक्कीच, नाहीतर सोमवारी सकाळी त्या मजल्यावर पाऊल ठेववत नाही. मावशींना हातमोजे द्या, साबण द्या, आणि हे काम त्यांच्या ठरलेल्या कामात लिहून घ्या. कंत्राटदारामार्फत असतील तर कंत्राटात वाढवा. ‘एवढंसं तर आहे’ असं म्हणून लादलेलं काम चार दिवस होतं.

पुढे तो कचरा जातो कुठे? नगरपालिकेच्या घंटागाडीवाल्यांशी आधी बोला आणि वेगळ्या पिशवीत द्यायचं ठरवा. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून हा कचरा नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर आहे, आणि महाविद्यालयही त्यातून सुटत नाही. घंटागाडी येत नसेल अशा ठिकाणी जवळच्या नगरपालिकेशी किंवा रुग्णालयांचा कचरा उचलणाऱ्या संस्थेशी बोलणी करा. मैदानामागे खड्ड्यात जाळणं हा पर्याय नाही.

*सावधान, जाळण्याच्या मशीनबद्दल: भिंतीवर लावायची छोटी विजेची मशीनं विक्रेते पॅडच्या मशीनसोबत जोडीनं विकतात. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकचा थर आणि ओलावा शोषणारं पॉलिमर असतं. ते पुरेशा तापमानाला जळलं नाही तर धुरात डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं येतात. जागतिक आरोग्य संघटना रुग्णालयांच्या कचऱ्यासाठी ८५० ते ११०० अंश सेल्सिअस आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा सांगते. स्वच्छतागृहातल्या डब्याएवढ्या मशीनकडून ही अपेक्षा करू नका. घ्यायचंच ठरलं तर तापमानाचं प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांची पूर्तता लेखी मागा. मला आजवर बहुतेकांकडून फक्त रंगीत माहितीपत्रक मिळालं आहे.*

टप्पा ५: नमुने वापरा, मग खरेदी करा

कोटेशन मागवताना बहुतेक जण फक्त ‘सॅनिटरी नॅपकिन, नग इतके’ असं लिहितात. मग सर्वांत कमी दराचे पातळ, पंखांविना, सरकणारे पॅड येतात, मुली एकदा घेतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. कोटेशनमध्ये एवढं तरी लिहा: प्रत्येक पॅड स्वतंत्र वेष्टनात, दोन्ही बाजूंना पंख, सुगंधाविना, लांबी साधारण २८० मिलिमीटर, थोडे ३२० चे, भारतीय मानक आयएस ५४०५ नुसार, पाकिटावर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. स्वतंत्र वेष्टनाचा आग्रह सोडू नका. उघड्या डब्यात सुटे पॅड ठेवले की धूळ आणि ओल दोन्ही बसतात. सुगंध नको, कारण काहींना त्यानं खाज सुटते.

तीन पुरवठादारांकडून पन्नास-पन्नास नमुने मागवा. पाकिटांवर अ, ब, क लिहा, कंपनीचं नाव झाका, आणि पंधरा-वीस मुलींना प्रत्यक्ष पाळीत वापरायला द्या. सोबत एक चिठ्ठी: सरकला का, गळला का, खाज आली का, जिना चढताना कसा होता. एनसीसी किंवा खेळाच्या मुली त्यात असू द्या, त्यांच्याकडून खरी परीक्षा होते. हे पंधरा-वीस जणींचे शेरे खरेदी समितीच्या फायलीत लावले की ‘सर्वांत कमी दर’ या एकाच निकषावर निर्णय होत नाही.

तोवर प्रयोगशाळेत एक सोपी चाचणी करता येते. सुईविना सिरिंजनं १० मिलिलिटर पाणी पॅडवर हळूहळू सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा १०, पुन्हा १०. मग वर टिश्यू पेपर ठेवून तळहातानं दाबा. कागद ओला होतो का आणि पाणी बाजूनं निघतं का, ते पाहा. पाणी म्हणजे रक्त नव्हे हे खरं, पण तिन्ही नमुने शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

बचत गटांनी बनवलेले पॅड घ्यायला मला आवडतं, आणि गावातला पैसा गावात राहतो. पण त्यांनाही हीच चाचणी लावा. आपुलकीपोटी गळका पॅड घेतला तर त्या गटाचंही नुकसान होतं, कारण पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

कप आणि कापडी पॅडचं काय? ज्यांना हवेत त्यांना माहिती द्या, थोडे ठेवाही, पण डब्यात ठेवायची ती वस्तू नव्हे. कप आधी उकळावा लागतो, मापाचा घ्यावा लागतो, आणि बदलताना शौचालयाच्या आतच पाणी लागतं. अचानक पाळी आलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही. इच्छुक मुलींसाठी वेगळी बैठक घ्या आणि शक्य असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ बोलवा.

साठा एकदम वर्षाचा घेऊ नका. दर तिमाहीला पुरवठा असं खरेदी आदेशात लिहा. कोकणात पावसाळ्यात तर महिन्याच्या वर साठा ठेवूच नका, ओल धरते. कपाट लोखंडी, जमिनीपासून वीतभर वर, मोरीपासून लांब. उंदरांना पॅडमधला कापूस फार आवडतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

टप्पा ६: डबा की मशीन, आणि कुठे

साधा झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, भिंतीला स्क्रूनं पक्का केलेला. बस्स. दीडशे-दोनशे रुपयांत काम होतं, वीज लागत नाही, नाणं लागत नाही, दुरुस्तीवाला लागत नाही. आत किती उरले ते बाहेरून दिसतं, म्हणून भरणाऱ्यालाही सोपं जातं.

मशीनची तक्रार तरी काय असते? नाणं अडकतं. नवं नाणं घेत नाही. स्प्रिंगमध्ये पॅड तिरका होतो. दुसऱ्या कंपनीचा पॅड त्या खाचेत बसत नाही, म्हणून पुरवठादाराकडूनच चढ्या भावानं घ्यावा लागतो. आणि ‘मोफत’ म्हणून सुरू झालेल्या मशीनला सहा महिन्यांनी कोणीतरी ‘गैरवापर टाळण्यासाठी’ पाच रुपयांचं नाणं लावतं. मशीन आधीच दारात येऊन पडलं असेल तर बटण दाबून पॅड येईल अशी जोडणी करून घ्या, आणि बाजूला डबा ठेवाच.

डबा स्वच्छतागृहाच्या आत, बेसिनजवळ. प्रत्येक मजल्यावर किमान एक, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळांचा मजला, जिमखाना, वसतिगृह इथे वेगळे. एक डबा दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात हवा. तिथे चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल एवढ्या उंचीवर लावा, साधारण कंबरेच्या रेषेत. पाळी येणाऱ्या प्रत्येकाला मुलींच्या स्वच्छतागृहात जाणं सोयीचं वाटतंच असं नाही, त्यांनाही हा डबा उपयोगी पडतो.

डबा कुठे नको? कार्यालयात, ग्रंथपालांच्या टेबलावर, आरोग्य केंद्रात, प्राध्यापिका कक्षात आणि सीसीटीव्हीच्या टप्प्यात. सगळ्या चांगल्या हेतूनं सुचवल्या जाणाऱ्या जागा आहेत, आणि सगळीकडे मुलीला कोणाची तरी नजर झेलावी लागते.

स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२२ पासून महाविद्यालयं आणि विद्यापीठांना ही साधनं मोफत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या कायद्यातल्या तीन अपेक्षा मला टिपणी लिहिताना फार उपयोगी पडल्या: सहज मिळावं, सन्मानानं मिळावं, निवडीला थोडा वाव असावा. प्रत्येक जागेला हे तीन प्रश्न लावा. कार्यालयातला डबा दुसऱ्याच प्रश्नाला गळतो.

*तपासणी: डब्याला कुलूप नाही, शेजारी वही नाही, सहीचा रकाना नाही, ओळखपत्र दाखवायचं नाही. यातलं एक जरी असलं तरी पुढे जाऊ नका.*

टप्पा ७: भरायचं कोणी?

साठ्याच्या कपाटाला कुलूप असतंच. म्हणून त्याच्या किल्ल्या तीन हव्यात, तीन वेगळ्या माणसांकडे: एक कक्षप्रमुख, एक कार्यालयातली कर्मचारी आणि एक विद्यार्थिनी प्रतिनिधी. एकाच दिवशी तिघी रजेवर नसतात.

दोन-दोन मुलींच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीला एक मजला. सोमवार आणि गुरुवार सकाळी भरायचं. डब्याच्या आत मागच्या बाजूला लाल रेघ मारा. पॅड रेघेखाली गेले की ठरलेला वार नसला तरी भरायचं. जोडीत एक पहिल्या-दुसऱ्या वर्षाची हवी, नाहीतर तिसऱ्या वर्षाच्या मुली निरोप समारंभ करून निघून जातात आणि जूनमध्ये काम कोणालाच माहीत नसतं.

डब्यावर एक फोन नंबर चिकटवा: ‘रिकामा दिसला तर फक्त मजला लिहून पाठवा.’ तो नंबर कक्षाच्या वेगळ्या सिमकार्डचा असावा. कुठल्याही मुलीचा स्वतःचा नंबर स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लावू नका.

आठवडाभर डबा रिकामा राहिला तर मुली तिकडे बघणंच सोडतात, आणि पुन्हा सवय लागायला महिने जातात. चौदा डबे अधूनमधून भरण्यापेक्षा सहा डबे कायम भरलेले चांगले.

टप्पा ८: सांगायचं कसं

उद्घाटन नको. खरंच नको. मुलींच्या हातात पॅड देऊन प्रमुख पाहुण्यांसोबत फोटो काढला की त्या फोटोतली मुलगी पुढे वर्षभर त्या डब्याजवळ जात नाही.

त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात, ग्रंथालय, जिमखाना, शिष्यवृत्ती यांची माहिती सांगताना त्याच सुरात एक वाक्य: ‘मुलींच्या सगळ्या स्वच्छतागृहांत पॅडचे डबे आहेत, हवे तेवढे घ्या, कोणाला विचारायचं नाही.’ मुलगे बसलेले असताना सांगा. पहिल्यांदा मागच्या बाकांवर खसखस पिकते. बोलणाऱ्यानं न थांबता पुढच्या मुद्द्यावर जायचं. हे वाक्य एखाद्या पुरुष प्राध्यापकानं म्हटलं तर आणखी बरं.

डब्यावरच्या कागदात ‘अडचण’, ‘ते दिवस’, ‘बाजूला’ असले आडपडदे नकोत. ‘पाळीचे पॅड. मोफत. घरी जाताना लागेल तर तेही घ्या.’ दीड तास एसटीत उभं राहून जाणाऱ्या मुलीसाठी ती शेवटची ओळ आहे. खाली दोन सूचना: चार ते सहा तासांनी बदला, वापरलेला कागदात गुंडाळून पेटीत टाका.

‘जपून वापरा’, ‘गरज असेल तरच घ्या’, ‘एका वेळी एकच’ असं काहीही लिहू नका.

टप्पा ९: पहिल्या महिन्यात घाबरू नका

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डबे भराभर रिकामे होतील. अंदाजाच्या दुप्पट जातील. ‘मुली घरी नेतात’ अशी तक्रार येईल, आणि ती खरीही असेल. काही जणी खरंच पाच-सहा उचलतात, कारण उद्या डबा भरलेला असेल यावर त्यांचा विश्वास नसतो. काही बहिणीसाठी, आईसाठी नेतात.

डबा सलग भरलेला राहिला की हा वेग आपोआप उतरतो. आमच्याकडे दुसऱ्या महिन्याच्या मध्यापासून उतरला. म्हणून पहिल्या महिन्याचा साठा दुप्पट ठेवा, आणि हे टिपणीतच आधी लिहून ठेवा, म्हणजे प्राचार्यांना धक्का बसत नाही. याच काळात कुलूप लावण्याचा प्रस्ताव येतो. लावलंत तर पुन्हा माझ्या पर्सपाशी येऊन पोचाल.

दोन महिन्यांनंतरही एखादाच डबा वेगानं रिकामा होत असेल तर आधी आजूबाजूला बघा. बहुधा शेजारच्या मजल्यावरचा डबा भरला जात नसतो.

टप्पा १०: हिशेब नगांचा ठेवा, मुलींचा नको

लेखापरीक्षणाला आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला आकडे लागतात, हे मान्य. ‘लाभार्थींची यादी जोडा’ असं म्हटलं जातं तेव्हा घाबरून वही ठेवू नका. पॅड ही कायमस्वरूपी वस्तू नाही, डेड स्टॉकमध्ये त्याची नोंद होत नाही. ती खडू-साबणासारखी वापरून संपणारी वस्तू आहे. खडू कोणी किती वापरला याची यादी आपण जोडतो का?

नोंदवही कपाटात असते आणि तिच्यात पाचच रकाने: तारीख, मजला, किती भरले, कपाटात शिल्लक, भरणाऱ्या जोडीची सही. महिन्याअखेरीला बेरीज करून कक्षप्रमुखांची सही. खरेदीची बिलं, या वहीची प्रत, रिकाम्या डब्याचा आणि भरलेल्या डब्याचा फोटो, माणसांविना, एवढं अहवालाला पुरतं. सोबत वर्षातून दोनदा त्याच चार प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुन्हा घ्या आणि बुडालेल्या तासांचं आधीचं आणि आताचं उत्तर शेजारी ठेवा.

वेगळी सोय लागणाऱ्या जागा

परीक्षा: केंद्रावर बाहेरच्या मुली येतात आणि पर्यवेक्षक बाहेर सोडायला कुरकुरतात. परीक्षेच्या दिवसांत दर मजल्यावर दीडपट भरा, आणि पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रात ‘स्वच्छतागृहात जाऊ द्यावे, कारण विचारू नये’ अशी ओळ घाला.

शिबिर: राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात असतं. सामानाच्या यादीत पॅड, कागद, झाकणाची बादली आणि दोन मोठ्या पिशव्या लिहा. वापरलेले पॅड गावात टाकून येऊ नका, परत आणा.

वसतिगृह: इथे रात्रीचे लांब पॅड जास्त लागतात, आणि डबा रेक्टर मॅडमच्या खोलीबाहेर नको, स्नानगृहाजवळ हवा. कापड वापरणाऱ्या मुली असतात. त्यांना उन्हात वाळत घालायला, कोणाच्या नजरेत न येणारी, पण ऊन येणारी दोरी द्या. गच्चीचा एक कोपरा पुरतो.

उन्हाळ्याची सुट्टी: एप्रिलअखेर डबे रिकामे करून पुसून ठेवा, उरलेला साठा कपाटात, मुदतीची तारीख पाहून जुने पुढे, नवे मागे. प्रवेशाच्या रांगा लागतात त्या इमारतीतला एक डबा मात्र भरलेला ठेवा. अर्ज भरायला सकाळी सातला घरून निघालेली मुलगी दुपारपर्यंत रांगेत असते, आणि त्या दिवशी तिची या कॉलेजात कोणाशीच ओळख नसते.